गरजवंतांची सेवा : सणापुरती की वर्षभर?



नाताळ जवळ आला की बहुतेक सर्व चर्चच्या आवारात एक सुंदर दृश्य दिसते. तांदूळ, डाळ, तेल, साखर, चादरी यांच्या पिशव्या भरल्या जातात आणि युवक-युवती उत्साहाने त्या गरजू कुटुंबांकडे पोहोचवतात. प्रायश्चित्तकाळातही तसेच होते. आपण शुक्रवारचा उपवास पाळतो, एका वेळच्या जेवणाचे पैसे बाजूला काढतो, मुले आपल्या खाऊचे पैसे पेटीत टाकतात. कारितास इंडिया ही आपल्या देशातील ख्रिस्तसभेची सेवासंस्था १९६२ पासून कार्यरत आहे. तिच्या उपवासकाळातील आवाहनालाही आपण प्रतिसाद देतो. हे सारे चांगले आहे आणि ते चालू राहिलेच पाहिजे.

परंतु एक साधा प्रश्न आपण स्वतःला विचारू या. नाताळच्या पिशवीतील तांदूळ किती दिवस पुरतो? फार तर तीन आठवडे. मग जानेवारीच्या शेवटी त्या घरातील चूल कशावर पेटते?

सणांचे पंचांग आपल्या घरात भिंतीवर टांगलेले असते. गरजेचे पंचांग मात्र वेगळेच असते. जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि वह्या, गणवेश, दप्तर, छत्री यांचा खर्च एकदम अंगावर येतो. त्याच महिन्यात पाऊस सुरू होतो आणि गळके छप्पर झाकायला प्लास्टिक लागते. जून-जुलैत मासेमारी बंद असते. बांधकामे थंडावतात आणि रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या हाताला काम राहत नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस करून घ्यावेच लागते. त्याला आगमनकाळ आणि सामान्य काळ यांतील फरक परवडत नाही. ज्या वृद्ध मातेची मुले परदेशी आहेत, तिचा एकटेपणा तर रोज संध्याकाळी नव्याने सुरू होतो.

म्हणून आजच्या या अभ्यासलेखात आपण एकाच गोष्टीचा विचार करणार आहोत. गरजवंतांची सेवा हा आपल्या श्रद्धेचा सणासुदीचा भाग आहे की रोजचा? आणि ती रोजची असेल, तर तिचा हिशेब कोणी, कोणाला द्यायचा?

१. प्रभू कोणता हिशेब मागणार आहे?

मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात (३१-४६) अंतिम न्यायाचे वर्णन आहे. मेंढपाळ मेंढरे व शेरडे वेगळी करतो, तसा राजा माणसांना वेगळे करतो. तो भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान अशा सहा प्रकारच्या माणसांविषयी विचारतो. त्यांच्यासाठी जे केले ते माझ्यासाठीच केले, असे तो सांगतो.

हा उतारा आपण अनेक वेळा ऐकला आहे. पण त्यातील दोन गोष्टींकडे आज विशेष लक्ष देऊ या.

पहिली गोष्ट अशी की या सहांपैकी एकही गरज वर्षातून एकदा येणारी नाही. सकाळी जेवलेल्या माणसाला रात्री पुन्हा भूक लागते. आजारी माणूस एका भेटीने बरा होत नाही. तुरुंगातील माणसाची शिक्षा सणाबरोबर संपत नाही. म्हणजे प्रभूने निवडलेल्या या गरजाच मुळी वारंवार येणाऱ्या आहेत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. डाव्या बाजूच्या लोकांवर चोरीचा, खुनाचा वा खोट्या साक्षीचा आरोप नाही. त्यांनी कोणाचे वाईट केले असे तेथे म्हटलेले नाही. त्यांनी जे करायला हवे होते ते केले नाही, एवढाच त्यांच्यावर ठपका आहे. मिस्साच्या आरंभी पश्चात्तापविधीत आपण जी कबुली देतो, तीत विचार, शब्द आणि कृती यांबरोबरच न केलेल्या कर्तव्याचाही समावेश असतो. पापनिवेदनाला जाताना आपण केलेल्या पापांची यादी आठवतो. न केलेल्या सेवेची यादी आपल्यापैकी किती जण करतात?

लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य आणि लाजार यांचा दाखलाही (लूक १६:१९-३१) हेच शिकवतो. श्रीमंत मनुष्य दररोज मेजवानी करीत असे आणि लाजार त्याच्या दरवाजाजवळ पडून असे. श्रीमंताने लाजाराला मारले नाही की हाकलून दिले नाही. पण मरणानंतर तो अब्राहामाला विनंती करतो, तेव्हा लाजाराचे नाव घेऊनच करतो. म्हणजे त्याला लाजाराचे नाव ठाऊक होते! दारातला माणूस माहीत नव्हता, अशी सबब त्याला सांगता आली नसती. माहीत असूनही रोज त्याला ओलांडून जाणे, हाच त्याचा अपराध होता.

त्याच अध्यायाच्या सुरुवातीला धनी आपल्या कारभाऱ्याला बोलावून कारभाराचा हिशेब मागतो (लूक १६:१-२). आपल्याजवळचा पैसा, वेळ, शिक्षण, ओळखी हे सर्व देवाने आपल्याकडे कारभारासाठी सोपवलेले आहे. कारभाऱ्याचा हिशेब बारा महिन्यांचा असतो. फक्त डिसेंबरचे पान दाखवून त्याची सुटका होत नाही.

२. देवाच्या प्रजेची जुनी शिस्त

जुन्या करारात गरिबांची काळजी सणावर सोडलेली नाही. ती शेतीच्या कामातच गुंफलेली आहे. कापणी करताना शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत, खाली पडलेला सरवा वेचू नये, विसरून राहिलेली पेंढी आणायला परत जाऊ नये. ते सारे परक्यासाठी, अनाथासाठी आणि विधवेसाठी राहू द्यावे, अशी आज्ञा आहे (लेवीय १९:९-१०; अनुवाद २४:१९-२१). मवाबी रूथ अशाच शेतात सरवा वेचून आपले व सासूचे पोट भरत होती. ज्यांनी भातकापणी केली आहे, त्यांना शेताची कडा सोडणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. उरलेले देणे वेगळे आणि कापणीच्या आधीच दुसऱ्याचा वाटा धरून ठेवणे वेगळे.

त्याच अनुवाद ग्रंथात आणखी एक आज्ञा आहे. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचे मन तिच्यावर लागलेले असते (अनुवाद २४:१४-१५). या आज्ञेकडे आपण पुढे परत येणार आहोत.

नव्या करारात प्रेषितांच्या कृत्यांमध्ये आपल्याला पहिल्या ख्रिस्ती समुदायाची एक तक्रार वाचायला मिळते (६:१-६). यरुशलेममध्ये विधवांना रोज अन्न वाटले जात असे. त्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवा मागे राहत होत्या. ही तक्रार प्रेमाच्या अभावाची नव्हती. समुदाय आपले सर्वस्व वाटून घेत होता. उणीव व्यवस्थेत होती. जे आपल्या भाषेचे, आपल्या ओळखीचे, ते आधी आठवले जात आणि इतर नकळत राहून जात.

प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवले नाही. त्यांनी समुदायाला सात चांगल्या नावाची, आत्म्याने व शहाणपणाने भरलेली माणसे निवडायला सांगितले. स्तेफन, फिलिप व इतर पाच जण निवडले गेले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची उपेक्षा होत होती, त्यांच्या बाजूच्या माणसांकडेच बहुधा वाटपाची जबाबदारी सोपवली गेली. आपल्यालाही हा धडा घेता येईल. आपल्या धर्मग्रामात कोण मागे राहतात? भाड्याच्या खोलीत नुकतेच राहायला आलेले कुटुंब? दुसरी भाषा बोलणारा कामगार? ज्यांचे नाव अजून कोणत्याही समुदायाच्या वहीत नाही असे लोक? की जे ख्रिस्ती नाहीत म्हणून आपल्या यादीत कधी येतच नाहीत असे आपले शेजारी? दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात (लूक १०:२५-३७) जखमी माणसाचा धर्म वा गाव विचारून मग मदत केली गेलेली नाही.

संत पौलाने तर पैशाच्या बाबतीतही शिस्त घालून दिली. यरुशलेममधील गरीब भाविकांसाठी वर्गणी गोळा करताना त्याने करिंथकरांना सांगितले की, प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे तो आल्यावर घाईने गोळा करावे लागणार नाही (१ करिंथ १६:१-२). दर आठवड्याला आणि आपल्या ऐपतीप्रमाणे, असा हा नियम आहे. दुसऱ्या पत्रात तो सांगतो की, एवढी मोठी रक्कम हाताळताना कोणी बोट दाखवू नये म्हणून तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला दुसरा एक बंधूही पाठवला आहे. देवासमोर तर प्रामाणिक असावेच, पण माणसांसमोरही ते दिसले पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे (२ करिंथ ८:१८-२१). पौलासारख्या प्रेषिताला एकट्याने पैसे हाताळणे योग्य वाटले नाही, तेथे आपण कोण?

ही शिस्त पुढेही टिकली. इ. स. १५५ च्या सुमारास रोममधील संत जस्टिन यांनी रोमी सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या निवेदनात ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. त्यात वाचन, प्रवचन, प्रार्थना आणि ख्रिस्तप्रसाद यांबरोबर आणखी एक गोष्ट येते. ज्यांना शक्य आहे ते स्वेच्छेने दान देतात. ते प्रमुखाजवळ ठेवले जाते आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांची काळजी घेतो. म्हणजे रविवारची मिस्सा आणि गरिबांची सेवा ही एकाच दिवसाची, एकाच वेदीपासून सुरू होणारी गोष्ट होती. आज अर्पणविधीच्या वेळी फिरणारी थैली ही त्याच परंपरेतील आहे.

३. शातियोंचा रविवार

आता आपण जवळजवळ पंधरा शतके ओलांडून फ्रान्समध्ये जाऊ या. १६१७ साली शातियों नावाच्या एका लहान गावात छत्तीस वर्षांचे एक धर्मगुरू काम करीत होते. त्यांचे नाव विन्सेंट डी पॉल. ऑगस्ट महिन्यातील एका रविवारी ते मिस्सासाठी झगा घालीत असताना त्यांना निरोप मिळाला की, गावाबाहेरच्या एका घरातील सर्वच माणसे आजारी आहेत आणि त्यांना पाहणारे कोणीही नाही. विन्सेंट यांनी प्रवचनात ही गोष्ट लोकांना सांगितली. दुपारी ते स्वतः त्या घराकडे निघाले, तर रस्ता माणसांनी भरलेला! स्त्रिया भाकरी, मांस आणि इतर अन्न घेऊन जात होत्या. काही जणी परत येत होत्या, काही उन्हामुळे वाटेत विसाव्याला बसल्या होत्या.

दुसरा कोणी असता तर आपल्या प्रवचनाचा एवढा परिणाम पाहून समाधानाने घरी गेला असता. विन्सेंट मात्र विचारात पडले. प्रेम मोठे आहे, पण त्याला व्यवस्था नाही, असे त्यांच्या लक्षात आले. आज या कुटुंबाकडे खाऊन संपणार नाही इतके अन्न आले आहे. त्यातले काही वाया जाईल आणि चार दिवसांनी हे लोक पूर्वीसारखेच उपाशी असतील.

त्यांनी गावातील काही स्त्रियांना एकत्र बोलावले. २३ ऑगस्ट १६१७ रोजी त्यांची पहिली बैठक झाली आणि ८ डिसेंबर १६१७ रोजी त्यांच्या सेवासंघाची रीतसर स्थापना झाली. त्यासाठी विन्सेंट यांनी लिहिलेली नियमावली आजही वाचण्यासारखी आहे. प्रत्येकीने पाळीपाळीने एक दिवस आजाऱ्यांसाठी जेवण शिजवून न्यावे, जमाखर्च नीट सांभाळावा आणि त्याचा हिशेब द्यावा, असे त्यात ठरवून दिले आहे. आजाऱ्याशी कसे वागावे हेही त्यात आहे. हसतमुखाने त्याची विचारपूस करावी, त्याचे हात धुवावेत, जेवणाआधी प्रार्थना म्हणावी आणि आईने मुलाला भरवावे तशा मायेने त्याला जेवू घालावे.

त्यात एक बारीकशी सूचना आहे. ज्या आजाऱ्याजवळ कोणीतरी आहे, त्याच्याकडे आधी जावे आणि जो एकटा आहे त्याच्याकडे सर्वांत शेवटी जावे. याचे कारण असे की, शेवटच्या घरी मग घाई नसते आणि एकट्या माणसाजवळ अधिक वेळ बसता येते. ज्याने ही ओळ लिहिली, त्याने आजाऱ्यांच्या खाटेजवळ बराच काळ घालवला असला पाहिजे. केवळ पिशव्या वाटून अशी सूचना सुचत नाही. ती पुन्हा पुन्हा त्याच दारात जाऊनच सुचते.

याच बीजातून पुढे १६३३ मध्ये संत लुईझ दि मारियाक यांच्या साहाय्याने 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' हा भगिनींचा संघ उभा राहिला. दोनशे वर्षांनी, २३ एप्रिल १८३३ रोजी, पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या मित्रांसह जी सेवामंडळी सुरू केली, तिनेही संत विन्सेंट यांनाच आपला आश्रयदाता संत मानले. गरिबांच्या घरी कसे जावे हे या तरुणांना सिस्टर रोझाली रांद्यू यांनी शिकवले. गरिबांना कार्यालयात बोलावण्याऐवजी आपणच त्यांच्या घरी नियमाने जायचे, ही त्यांची पद्धत होती. आज अनेक धर्मग्रामांत जी संत विन्सेंट डी पॉल सोसायटी काम करते, ती हीच. ओझानाम यांना पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ मध्ये धन्यवादित घोषित केले.

शातियोंच्या लोकांच्या मनात प्रेम कमी नव्हते. आपल्याही मनात ते कमी नाही. पण एका रविवारचे प्रेम आणि वर्षभराची सेवा यांच्यामध्ये एक वही, एक पाळी आणि एक हिशेब असावा लागतो.

४. ख्रिस्तसभा काय सांगते?

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २५ डिसेंबर २००५ रोजी स्वाक्षरी केलेल्या 'देउस कारितास एस्त' या विश्वपत्रात सांगितले की, देवशब्दाची घोषणा, संस्कारांचे दान आणि प्रेमाची सेवा ही ख्रिस्तसभेची तीन कर्तव्ये आहेत आणि ती एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत. दानधर्म ही इतरांवर सोपवता येण्यासारखी समाजकल्याणाची जोडकामगिरी नसून तो ख्रिस्तसभेच्या स्वभावाचाच भाग आहे. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, ज्या धर्मग्रामात मिस्सा होते पण गरिबांची सेवा होत नाही, त्या धर्मग्रामाचा एक तृतीयांश भाग रिकामा आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये जागतिक गरीब दिन जाहीर केला आणि २०१७ पासून तो सामान्य काळातील ३३ व्या रविवारी पाळला जाऊ लागला. पोप लिओ चौदावे यांनीही आपल्या 'दिलेक्सी ते' या ४ ऑक्टोबर २०२५ च्या प्रबोधनपत्राचा विषय गरिबांवरील प्रेम हाच निवडला आहे. त्या एका दिवसाने इतर दिवसांची आठवण करून द्यावी, हा अशा दिवसामागचा हेतू असतो.

कॅनन लॉ, म्हणजे ख्रिस्तसभेचा कायदा, याविषयी स्पष्ट आहे. सामाजिक न्यायासाठी झटणे आणि आपल्या मिळकतीतून गरिबांना साहाय्य करणे हे सर्व भाविकांचे बंधन आहे (कलम २२२). गरीब, दुःखी, एकाकी आणि आपल्या देशापासून दुरावलेले यांचा खास शोध घेणे हे प्रमुख धर्मगुरूंचे कर्तव्य आहे (कलम ५२९). ज्या हेतूसाठी भाविकांनी दान दिले, त्याच हेतूसाठी ते वापरले पाहिजे (कलम १२६७). आणि भाविकांनी अर्पण केलेल्या निधीचा हिशेब भाविकांना दिला पाहिजे (कलम १२८७). जबाबदारी अशी दोन्ही बाजूंची आहे. देणाऱ्याने द्यायचे आहे आणि सांभाळणाऱ्याने सांगायचे आहे.

५. दानाआधी न्याय

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील आपल्या दस्तऐवजात एक इशारा दिला आहे. न्यायाने जे देणे लागते, ते दान म्हणून देऊ नये. येथे आपल्याला मजुरीची ती जुनी आज्ञा आठवते.

आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईचा पगार आपण वेळेवर देतो का? ती आजारी पडली तर तिचे दिवस कापतो का? वाडीत काम करणाऱ्या मजुराला ठरलेली मजुरी त्याच दिवशी मिळते का? भाडेकरूची अनामत रक्कम परत करताना आपण टाळाटाळ करतो का? एखाद्याचे वर्षभर थोडे थोडे राखून ठेवायचे आणि नाताळला त्यालाच केकचा तुकडा द्यायचा, याला सेवा म्हणता येणार नाही. वर्षभराच्या सेवेची पहिली पायरी आपल्या स्वतःच्या व्यवहारात आहे.

६. आपल्याला काय करता येईल?

मोठ्या योजनेची वाट न पाहता पुढील गोष्टींवर आपापल्या समुदायात विचार व्हावा असे आम्हाला वाटते.

*वही.* प्रत्येक समुदायाने आपल्या भागातील एकटे वृद्ध, दीर्घ आजारी, विधवा, व्यसनामुळे उद्ध्वस्त झालेली घरे आणि शाळा सुटण्याच्या बेतात असलेली मुले यांची माहिती ठेवावी. धर्म वा भाषा पाहू नये. ही वही दोन विश्वासू व्यक्तींकडेच असावी.

*पाळी.* शातियोंच्या स्त्रियांप्रमाणे दिवस वाटून घ्यावेत. महिन्यातून एक तास प्रत्येकाला देता येतो. दवाखान्यात सोबत जाणे, औषधे आणून देणे, मुलाचा अभ्यास घेणे, ख्रिस्तप्रसाद घेऊन येणाऱ्या सेवकाला आजाऱ्याच्या घरी नेणे, यांपैकी कशालाही पैसे लागत नाहीत.

*महिन्याचा वाटा.* समजा, दोनशे कुटुंबांनी दरमहा शंभर रुपये बाजूला काढले, तर महिन्याला वीस हजार आणि वर्षाला दोन लाख चाळीस हजार रुपये होतात. एवढ्यात कित्येक मुलांचा जूनचा खर्च आणि काही रुग्णांची दरमहाची औषधे भागू शकतात. ज्याला शंभर शक्य नाहीत त्याने दहा द्यावेत. मंदिराच्या पेटीत दोन लहान नाणी टाकणाऱ्या विधवेचे प्रभूने कौतुक केले होते.

*कागदपत्रांची मदत.* अनेकांना मिळू शकणारे साहाय्य केवळ माहिती नसल्यामुळे मिळत नाही. निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना, पासष्ट वर्षांवरील गरजू वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आणि उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. विश्वस्त संस्थांच्या धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. पण त्यासाठी रेशनकार्ड वा उत्पन्नाचा दाखला लागतो, अर्ज भरावा लागतो, तहसील कार्यालयात चकरा माराव्या लागतात. आपल्यातील निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी आणि कॉलेजचे विद्यार्थी हे काम उत्तम करू शकतील. एका पेन्शनचा अर्ज मंजूर झाला, तर तो बारा नाताळ-पिशव्यांहून अधिक काळ पुरतो.

*हिशेब.* दर तीन महिन्यांनी किती जमा झाले, कशावर खर्च झाले, किती कुटुंबांना मदत झाली आणि किती शिल्लक आहे, हे सूचनाफलकावर लावावे. आकडे उघड असावेत, नावे मात्र गुप्त असावीत. उजव्या हाताचे दान डाव्या हातालाही कळू नये अशी प्रभूची शिकवण आहे (मत्तय ६:३). म्हणून मदत स्वीकारणाऱ्या माणसाचा फोटो कधीही काढू नये. पिशवी हातात घेऊन उभ्या असलेल्या आईचा फोटो उद्या तिच्या मुलाच्या वर्गमित्रांच्या मोबाईलवर जातो. तिच्या घरची भूक त्या दिवसापुरती भागते, पण तिची मान मात्र खाली जाते.

७. काही शंका

"मदत केल्याने लोक आळशी होतात," असे काही जण म्हणतात. तसे कधी घडतही असेल. पण खरी गरज कोणती आणि सोंग कोणते, हे दुरून कळत नाही. नियमित घरी जाणाऱ्यालाच ते कळते. जो तरुण काम करू शकतो त्याला काम मिळवून द्यावे आणि जी आजी अंथरुणावर आहे तिला जेवण द्यावे. फरक करण्यासाठी आधी ओळख लागते.

"आमचेच भागत नाही," असेही काही जण म्हणतील. त्यांची अडचण खरी आहे. तेव्हा त्यांनीही आपली गरज संकोच न करता समुदायाला सांगावी. आज जो देतो तो उद्या घेणारा होऊ शकतो. २०२० च्या टाळेबंदीत नियमित पगार असलेल्या अनेक घरांनीही हा अनुभव घेतला. ख्रिस्तशरीरात देणारे आणि घेणारे अशा दोन जाती नाहीत.

"हे काम फादर आणि सिस्टर्सचे आहे," ही तिसरी शंका. पण यरुशलेममध्ये निवडलेले ते सात जण समुदायातूनच आले होते आणि शातियोंच्या त्या स्त्रिया घरसंसार सांभाळणाऱ्या होत्या.

समुदायात चर्चेसाठी

१. आपल्या समुदायाच्या हद्दीत असा कोण आहे, ज्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे पण ज्याच्या घरी आपण गेल्या सहा महिन्यांत गेलेलो नाही?

२. आपल्या वाटपात कोण मागे राहते? त्यांच्यापैकी कोणाला आपण जबाबदारीत सामील करून घेऊ शकतो?

३. पुढील तीन महिन्यांसाठी आपला समुदाय कोणती एकच सेवा नियमाने करील? ती कोण पाहील आणि तिचा हिशेब कोण देईल?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू वेदीवर आम्हाला भेटतोस आणि आमच्या दाराशीही भेटतोस. तुला दोन्हीकडे ओळखण्याची दृष्टी आम्हाला दे. आमचे प्रेम सणापुरते राहू नये म्हणून त्याला शिस्त दे, आणि आमची शिस्त कोरडी होऊ नये म्हणून तिला प्रेम दे. जो एकटा आहे त्याच्याजवळ थोडे अधिक बसण्यासाठी आम्हाला वेळ दे. आमेन.